पडद्यावरची छत्री

वहिनी टीव्हीशी प्रेमाने बोलत आणि गिऱ्हाइकांना दटावत. अख्खा बाजार त्यांना वहिनी म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शेजारचा चष्मेवालासुद्धा. चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचं अरुंद दुकान होतं आणि आत भिंतीला टेकून जुने प्लाझ्मा टीव्ही रांगेत उभे असत. उभेच. कुणी टीव्ही आडवा घालून आणला की वहिनींचा पारा चढे. काच जड असते, आडवी घातली की एका धक्क्यात तडकते, हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती.

बाकीच्या मेकॅनिकांनी प्लाझ्माला कधीच रामराम ठोकला होता. पण ज्यांच्या घरात तो होता त्यांचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचं दुखणं बहुतेक वेळा एकच असे. पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं की ते तिथं मुक्काम ठोकतं. बातम्या बघणाऱ्यांच्या पडद्यावर खालची पट्टी बसते. मुलं खेळ अर्ध्यात थांबवून जेवायला गेली की खेळातला चौकोन बसतो. एकदा एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे फक्त माहितीपर कार्यक्रम लागतात. वहिनींनी पडदा राखाडी करून बघितला तर मधोमध पत्त्यांचा डाव मांडलेला. गृहस्थांची बायको शेजारीच उभी होती. "रोज संध्याकाळी ऑफिसचं काम करायचे ना हो?" ती म्हणाली. वहिनींनी तोंडावर पदर धरला आणि टीव्ही ठेवून घेतला.

"तुम्ही सांगता ते मी ऐकून घेते," त्या गिऱ्हाइकांना म्हणत, "पण विश्वास पडद्यावर ठेवते."

दटावणी ठरलेली असे. कॉन्ट्रास्ट दुकानातल्यासारखा भगभगीत ठेवू नका. एकच चॅनेल लावून दिवसभर स्वयंपाकघरात जाऊ नका. चित्र पडदाभर ठेवा, कडेला काळ्या पट्ट्या सोडू नका. उजेड पडतो तिथं पडदा दमतो हो, त्याला जरा पालट द्या. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन पुन्हा तेच करत, त्यामुळे वहिनींचं दुकान चालत असे.

त्यांच्या लेखी डाग दोन जातींचे होते. पहिली सावली. चित्र नुसतं रेंगाळलेलं असतं, पडद्यावर दुसरं काही चालत राहिलं की आपणहून विरतं. दुसरा खरा डाग, भाजलेला. तो जात नाही. फार तर बाकीचा पडदाही तेवढाच दमवायचा, म्हणजे डाग त्यात मिसळून जातो. दोन्हींवर इलाज एकच. काळ्या पडद्यावर एक रुंद पांढरा पट्टा डावीकडून उजवीकडे सरकत ठेवायचा, तासन्‌तास. याला वहिनी धुणं म्हणत. "टीव्ही धुण्याला लावलाय," असं त्यांनी सांगितलं की नवं गिऱ्हाईक घाबरून आत डोकावे. त्या उजेडाने डोळे दुखतात म्हणून धुण्याला लावलेल्या टीव्हीचं तोंड त्या भिंतीकडे करून ठेवत.

हे सगळं त्यांना नवऱ्याने शिकवलं होतं. तो गेला तेव्हा दुकान बंद करा असं सगळ्यांनी सांगितलं, आणि वहिनींनी ते कुणाचंच ऐकलं नाही. नवऱ्याचा एकच नियम होता: आधी बघायचं, मग धुवायचं. डाग कसला आहे ते नीट बघितल्याशिवाय पट्टा लावायचा नाही, कारण एकदा धुतलं की काय होतं ते सांगायला कुणी उरत नाही. इतक्या वर्षांत वहिनींनी हा नियम कधी मोडला नव्हता. मोडला तो त्या सकाळी.

त्याचं कारण त्यांचा दीर.

दीर शाळेत असताना आईबापांमागे भावाकडे राहायला आला, तो वहिनींच्या हातचं खाऊन मोठा झाला. त्याला घरात डुलक्या म्हणत. कुठंही बसला की त्याचे डोळे मिटत. वर्गात मिटत, नाटकाला मिटत, स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसताहेत आणि नवरदेवाचे डोळे मिटलेले. अशा माणसाला राखणदाराची नोकरी लागली तेव्हा नातेवाईक पोट धरून हसले होते. नोकरी वहिनींनीच लावली होती. विजेच्या सामानाच्या एका मोठ्या गोदामात त्या राखणदाराच्या खोलीतला प्लाझ्मा दुरुस्त करायला गेल्या होत्या, तिथं माणूस हवाय असं कळलं, आणि त्यांनी मॅनेजरसाहेबांना दिराची हमी दिली. त्या प्लाझ्मावर चार कॅमेऱ्यांची चार चित्रं दिसत. डुलक्याने त्यांच्याकडे बघत बसायचं, एवढंच काम.

आणि त्याने ते केलंही. नोकरी लागल्यापासून त्याने डोळ्यांत तेल घालून राखण केली, निदान तसं सगळे म्हणत होते, गेल्या आठवड्यापर्यंत. गेल्या आठवड्यात गोदामातून तांब्याच्या तारेची रिळं गेली. समोरच्या शटरचं कुलूप तोडून, हातगाडीवर घालून, आरामात. शटरवर कॅमेरा रोखलेला होता. कॅमेऱ्याच्या चित्रासमोर डुलक्या बसलेला होता. आणि डुलक्या म्हणत होता, मी जागा होतो, शटरपाशी कुणीही आलं नाही. रेकॉर्डरमध्ये बघावं तर त्या रात्रीचं काहीच उठलेलं नव्हतं. कॅमेऱ्यांची चित्रं टीव्हीवर त्यातूनच येत, आणि ते खोकं तसंही मरायला टेकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींकडे आला. चहा समोर ठेवून वहिनींनी त्याला विचारलं, "खरं सांग मला. झोपला होतास ना?"

तो कपाकडे बघत राहिला. "तूसुद्धा, वहिनी?"

"मी ओरडणार नाही रे. झोप लागली म्हणून सांगून टाक, साहेबांच्या पाया पडू. नोकरी जाईल, पण चोर तरी म्हणणार नाहीत."

तो उठला. चहा तसाच राहिला. त्यानंतर तो आला नाही आणि फोनही उचलला नाही. वहिनींना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. झोपला नसेल तर चोरांना सामील असेल, असं आता गोदामात बोललं जात होतं. आज दुपारी मालक स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर डुलक्याला शेवटचं विचारायचं आणि मग पोलिसांत त्याचं नाव द्यायचं, असं ठरलं होतं.

त्याच सकाळी गोदामाचा टेम्पो दुकानासमोर थांबला. टेम्पोवाल्याने राखणदाराच्या खोलीतला प्लाझ्मा उतरवला. चोरी झाल्यावर साहेबांनी नवा रेकॉर्डर आणि नवा टीव्ही घेतला होता, जुना तेव्हापासून कोपऱ्यात पडून होता. "साहेब म्हणाले, डाग घालवून द्या, कामगारांच्या चहाच्या खोलीत लावायचाय."

वहिनींनी त्या टीव्हीकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली. याच्यासमोर बसून झोपला गधडा. त्यांनी वायर लावली, पट्टा चालू केला, टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दुसऱ्या कामाला लागल्या. राखाडी पडदा करून बघितला नाही. बघायची इच्छाच नव्हती त्यांना.

बराच वेळ भिंतीवर पांढरा उजेड इकडून तिकडे सरकत होता. मग त्यांची धाकटी जाऊ आली. डुलक्याची बायको. तिचे डोळे सुजले होते.

"ताई, तुम्ही चला दुपारी माझ्याबरोबर," ती म्हणाली. "हे नको म्हणतात. म्हणतात, वहिनीला तर मुळीच बोलवू नकोस. पण मला एकटीला नाही जाववत तिथं."

"येते ना. बैस आधी. जेवतो तरी का तो?"

"कुठलं जेवण! नुसते छताकडे बघत पडून असतात. आणि मधूनच म्हणतात, छत्री होती गं, मी बघितलीये."

"कसली छत्री?"

"तुम्हाला नाही सांगितलं? त्या छत्रीवरूनच तर साहेबांनी खोटं ठरवलं यांना." जाऊ पदराला नाक पुसत म्हणाली. "साहेबांनी विचारलं, जागा होतास तर पडद्यावर काय दिसत होतं ते सांग. हे म्हणाले, शटर बंद होतं आणि शटरच्या कडीला तुमची छत्री अडकवलेली होती, रात्रभर. साहेब म्हणाले, कुलूप लावताना अडकवली होती खरी, पण मी गेटपर्यंत गेलो, छत्री आठवली म्हणून परत आलो आणि घेऊन गेलो, ती माझ्या घरी होती. झालं! सगळे हसले. म्हणाले, डुलक्याला स्वप्नात छत्री दिसली."

वहिनींच्या हातात पेचकस होता. तो तसाच राहिला.

साहेबांनी छत्री कडीला अडकवली. मग ती नेली. म्हणजे ती कडीला होती फक्त मधल्या काही मिनिटांत. आणि दिराला ती रात्रभर दिसत होती. स्वप्नात नाही. पडद्यावर. चित्रच थांबलं होतं! ते मरायला टेकलेलं खोकं त्याच मिनिटांत अडकलं आणि रात्रभर एकच चित्र दाखवत बसलं. रिकाम्या आवारात हलायला असतं काय? बंद शटरचं थांबलेलं चित्र आणि बंद शटरचं चालू चित्र यांत माणसाने फरक कसा करायचा?

आणि रात्रभर जर एकच चित्र प्लाझ्मावर राहिलं असेल, तर...

त्यांनी भिंतीकडे बघितलं. पांढरा उजेड शांतपणे सरकत होता.

"अगं बाई!" वहिनी ओरडल्या आणि एवढ्या जोरात धावल्या की स्टूल उलटलं. त्यांनी प्लग ओढून काढला. भिंत काळोखी झाली.

"काय झालं ताई?"

वहिनी सकाळपासून स्वतःच्याच हाताने दिराचा पुरावा धूत बसल्या होत्या.

टीव्ही त्यांनी वळवला. पुन्हा लावायचीही भीती वाटत होती, कारण सावली असली तर प्रत्येक उजेडाने ती थोडी थोडी विरणार. पण बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांनी पडदा फिका राखाडी केला, एवढा फिका की जेमतेम दिसावं.

आधी मधोमध उभी-आडवी रेघ दिसली. चार चित्रांमधली ती रेघ वर्षानुवर्षांची, भाजलेली, ती कशानेच जाणार नव्हती. खालच्या चौकोनात कोपऱ्यात घड्याळाची जागा, आकडे इतके बारीक की रात्री तिकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. तिथं रोज आकडे पळून पळून सगळे एकमेकांवर बसले होते आणि त्यांचा पुसट आठासारखा गोळा झाला होता. पण सेकंदांच्या गोळ्यातून दोन आकडे आज वेगळे उठून दिसत होते. पळणारे सेकंद असे उठत नाहीत. ते थांबावे लागतात.

आणि डावीकडे शटरच्या पट्ट्या. त्यांच्यावर एक लांबट, बाकदार मुठीचं काहीतरी. धुक्यातून दिसावं तसं.

"दिसतंय?" वहिनींनी कुजबुजत विचारलं.

जाऊ पडद्याला नाक लावायच्या बेतात आली. "दिसतंय... ताई, ही छत्री आहे ना? हो ना?"

वहिनींनी मोबाईलने फोटो काढले. फोटोत नुसते काळे-पांढरे पट्टे उमटले, छत्रीचा पत्ता नाही. प्लाझ्माचे फोटो असेच येतात. त्यांनी टीव्ही बंद केला आणि साहेबांना फोन लावला. साहेब घाईत होते. "मालक लवकर आलेत, बाई. आता सुरूच करतोय. टीव्हीचं नंतर बोलू." फोन ठेवला गेला.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुकान उघडंच टाकलं, चष्मेवाल्याला लक्ष ठेवा म्हणून ओरडून सांगितलं आणि कोपऱ्यावरचा एक टेम्पो हात करून थांबवला. टीव्ही त्या दोघींनीच चढवला. टेम्पोवाला म्हणाला, आडवा घाला, बसेल. वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट पुढे जाऊन बसला. दोघी मागे उभ्या राहिल्या, टीव्ही मध्ये उभा, एकीचे हात एका कडेला, दुसरीचे दुसऱ्या. प्रत्येक गतिरोधकाला जाऊचे डोळे मिटत आणि वहिनी दात खाऊन म्हणत, "हळू! अहो, हळू!" काच तडकली असती तर डुलक्याची शेवटची साक्ष रस्त्यावर सांडली असती. एका वळणाला टीव्ही कलला आणि वहिनींनी गुडघा पुढे घातला. गुडघ्याचं सालटं निघालं, ते त्यांना संध्याकाळी कळलं.

गोदामात मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले होते. मालक खुर्चीत बसले होते, वय झालेले, जाड भिंगांचा चष्मा. मॅनेजरसाहेब उभे. डुलक्या भिंतीपाशी, हात मागे बांधून. दारात वहिनी दिसल्या तसा त्याने चेहरा फिरवला.

"टीव्ही इथं कशाला आणलात?" साहेब म्हणाले.

"दोन मिनिटं द्या मला. याच्यावर त्या रात्रीचं चित्र आहे."

"टीव्हीत चित्र साठत नाही, बाई."

"साठत नाही, बसतं. डाग घालवा म्हणून तुम्हीच तर पाठवलात!"

मालकांनी हात वर केला. "या कोण?"

"टीव्ही दुरुस्त करतात. आणि..." साहेब थांबले. "याच्या वहिनी आहेत."

वहिनींच्या डोक्यात एवढं सगळं होतं, नातं आड येईल हे मात्र नव्हतं. मालक म्हणाले ते बरोबरच होतं. "सकाळपासून टीव्ही तुमच्या दुकानात होता. दीर तुमचा. डाग तुम्हीच पाडला नसेल कशावरून?"

"मी पाडला नाही, साहेब. मी तर पुसत होते," वहिनी म्हणाल्या. "न बघता धुवायला लावला मी. अर्धाअधिक गेलाय माझ्याच हाताने. उरलाय तेवढा तरी बघून घ्या. पुन्हा पुन्हा दाखवता येणार नाही, लावला की विरतोय."

मालकांनी मान हलवली. वहिनींनी टीव्ही टेबलावर उभा केला, जाऊने मागून धरला, साहेबांनी स्वतःहून खिडकीचे पडदे ओढून खोलीत अंधार केला. टीव्हीचा पडदा राखाडी झाला.

पहिल्यांदा कुणालाच काही दिसलं नाही. मग डोळे सरावले, आणि साहेब एक पाऊल पुढे आले.

"शटर आहे," ते म्हणाले.

"कडीकडे बघा."

साहेब बघत राहिले. "आहे काहीतरी. पण माझी छत्री काळी आहे. हे पांढरं दिसतंय."

"उलटंच दिसतं ते. शटर उजेडात होतं, तिथं पडदा दमला, म्हणून काळपटला. छत्री काळी होती, तिथं पडद्याला काही कष्ट पडले नाहीत, तो ताजाच राहिला. म्हणून छत्री पांढरी."

मालक चष्मा पुसून पुन्हा बघत होते. "मला काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "धूर दिसतो नुसता. तुम्हाला दिसतंय का काही? नक्की?"

हा प्रश्न त्यांनी साहेबांना विचारला होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं की आता सगळं साहेबांच्या जिभेवर आहे. रेकॉर्डर अडकतो, बदला, असं डुलक्या त्यांना दोनदा म्हणाला होता. बघू, असं ते म्हणाले होते. चित्र थांबलं होतं असं आज ठरलं तर उद्या मालक विचारणार, खोकं बदललं का नाही? नाही दिसत, एवढं म्हटलं की विषय संपला. पडदा हळूहळू विरत होता. आणखी थोड्या वेळाने तर ते खरंच झालं असतं.

वहिनी साहेबांच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या.

साहेब वळले, खोलीच्या कोपऱ्यात गेले. तिथं त्यांची छत्री टेकवून ठेवलेली होती. ती घेऊन ते आले आणि पडद्याशेजारी मुठीने धरून लोंबती ठेवली. जुनी छत्री होती. खालच्या बाजूला एक काडी कापडातून निसटून बाहेर आली होती. पडद्यावरच्या पांढऱ्या छत्रीलाही खाली, त्याच बाजूला, तशीच एक काडी बाहेर आलेली होती.

"दिसतंय, साहेब," मॅनेजर म्हणाले. "माझीच आहे. ही काडी त्याच दिवशी निसटली, गोदामाच्या दारात अडकून. मी कडीला अडकवली आणि लगेच परत येऊन नेली. एवढ्यात कधीतरी चित्र थांबलंय." त्यांनी छत्री खाली केली. "खोकं अडकतं हे यानं मला सांगितलं होतं. मी बघू म्हणालो होतो."

मालकांनी ती काडी बोटाने चाचपून बघितली. मग म्हणाले, "याचं नाव देऊ नका." आणि डुलक्याकडे बघून, "उद्यापासून कामावर ये." साहेबांना मात्र त्यांनी थांबायला सांगितलं.

जाऊ टीव्हीच्या मागेच खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. वहिनींनी घाईघाईने टीव्ही सावरला, बंद केला. डुलक्या जागचा हलला नव्हता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. त्या हसणार होत्या, त्याच्या डोक्यावर टपली मारणार होत्या, गधडा म्हणणार होत्या. यातलं काहीही जमेना.

"चल," त्या म्हणाल्या. "टेम्पो उभा आहे. हा उचलायला हात लाव. दोन माणसांचं काम आहे."

तो आला. दोघांनी टीव्ही दोन बाजूंनी उचलला. मध्ये पडदा, अलीकडे वहिनी, पलीकडे तो. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त बोटं आणि पाय दिसत होते. बाहेरच्या लांब वाटेने ते आवारात आले, त्याच शटरसमोरून. शटरला नवं कुलूप होतं.

"सरळ धर," वहिनी म्हणाल्या.

"सरळच धरलाय."

पाचसहा पावलं झाली. मग पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला. रागाचा नव्हता. राग असता तर वहिनींना सोपं गेलं असतं.

"वहिनी, तू पडद्यावर विश्वास ठेवलास. मी सांगितलं तेव्हा नाही ठेवलास."

वहिनींचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी तसंच ओघळू दिलं. नाही रे, असं म्हणावंसं वाटलं. मला भीती वाटत होती, असंही म्हणावंसं वाटलं. पण तो बोलला ते खरं होतं, आणि आता खोटं बोलायची त्यांची छाती नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "नाही ठेवला."

टेम्पोपाशी दोघं थांबले. त्याने आपली बाजू आधी वर चढवली, मग आत चढून वहिनींच्या बाजूचं वजनही स्वतःकडे घेतलं. त्यांनी हात सोडले तेव्हा त्यांची बोटं आखडून गेली होती.

"संध्याकाळी जेवायला ये," वहिनी म्हणाल्या. "दोघंही या."

तो टीव्हीला धरून उभा होता. त्याने बाहेर बघितलं, गुडघ्याशी फाटलेल्या वहिनींच्या साडीकडे, आणि मग दुसरीकडे.

"बघू," तो म्हणाला.